‘काका, साध्या पिशवीत द्या’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या दुकानात एक वाक्य ऐकू यायला लागतं, ते थेट आषाढापर्यंत. ‘काका, साध्या पिशवीत द्या.’

जुन्या नाशकात, रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर माझं कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. शेरवानी, घागरे, फेटे, शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख, सगळं मिळतं. दुकानाचं नाव घातलेल्या कापडी पिशव्या मी दर दिवाळीला छापून घेतो आणि त्या दर वर्षी उरतात. गिऱ्हाईक घरूनच पिशवी घेऊन येतं, तीही बहुतेक वेळा मेनरोडवरच्या एखाद्या मोठ्या साडी दुकानाची. माझी शेरवानी दुसऱ्याच्या पिशवीत बसून घरी जाते. जिन्यात शेजारीण भेटली तर तिला खरेदी दिसली पाहिजे. परत करायला माणसं येतात रात्री साडेआठनंतर, मी शटर अर्धं ओढल्यावर. मोटारसायकल चालूच ठेवतात, गाठोडं आत सरकवतात, अनामत मोजून घेतात आणि निघतात.

हे पत्र त्या पिशवीबद्दल आहे. माझा धंदाच भाड्याचा, तेव्हा मी भाड्याची बाजू घेणार हे उघड आहे. वाचकांनी तेवढं वजा करून वाचावं. आणि नाव छापू नका, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की पत्राच्या आडून फुकटात जाहिरात करून घेतली.

हा धंदा वडिलांचा. ते ‘ड्रेपरीवाले’ होते. नाटकाला लागणारे अंगरखे, शेले, जिरेटोप, लाकडी तलवारी, मिशा, केसांचे टोप, असा सगळा ऐवज तीन लोखंडी ट्रंकांत मावत असे. नाशिकरोडच्या प्रेसमधले, ओझरच्या विमान कारखान्यातले कामगार नाटकं बसवायचे, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरायचे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी वडील ट्रंक घेऊन सिटी बसने जायचे. रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी अंगरखा घडी करून परत द्यायचा आणि पहिल्या पाळीला हजर व्हायचा. त्याला कधी वाटलं नाही की अंगरखा भाड्याचा म्हणून आपण कमी राजे.

लग्नाचंही तसंच होतं. आमच्या गल्लीत कार्य निघालं की समाजाच्या वाड्यातून पातेली, पराती, घंगाळं, झारे, सतरंज्या यायच्या. नाममात्र भाडं, आणि भांडं हरवलं तर भरपाई. त्या पातेल्यांवर समाजाचं नाव भांडीबाजारात बसून ठसठशीत कोरून घेतलेलं असे. ज्या परातीतून पाहुण्यांना बुंदी वाढायची, तिच्यावर चार बोटांएवढ्या अक्षरांत दुसऱ्याचं नाव! कोणाच्या घशात ती बुंदी अडकली नाही. सायकलही तासावर मिळायची. कोपऱ्यावरचा सायकलवाला वहीत नंबर आणि वेळ टिपून घ्यायचा. चाक आऊट करून आणलं की वडिलांच्या कानावर घालायचा, हा त्याचा दंड.

आजही भाड्याची लाज सरसकट नाही, आणि मला गंमत वाटते ती याचीच. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर भाड्याने सांगतो, आणि गावात सगळ्यांना माहीत असतं कोणाचा आला. घरात म्हातारं माणूस पडलं की आपण वॉकर, पलंग, व्हीलचेअर महिन्याच्या भाड्याने आणतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची मशिनं माणसं भाड्यासाठी शोधत होती. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, तपोवनात तंबूंचं अख्खं गाव उभं राहतं आणि पर्वणी संपली की उतरतं. 2015 मध्ये आपण ते पाहिलं, 2027 मध्ये पुन्हा पाहू. मांडव, खुर्च्या, जनरेटर, हॉल, घोडा, बँड, सगळं भाड्याचं चालतं. ज्या लग्नात पायाखालचा गालिचाही भाड्याचा, त्या लग्नात नवरदेवाच्या अंगावरचा कपडा मात्र विकतचा पाहिजे. निदान तसा दिसला पाहिजे.

शाळेच्या कपड्यांनाही कोणी लाजत नाही, हे सांगायला हवं. आषाढी एकादशीला बालवाडीच्या दिंडीसाठी विठ्ठल-रखुमाई, तीन जानेवारीला सावित्रीबाई, शिवजयंतीला जिरेटोप आणि भवानी तलवार. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि आया मोठमोठ्याने विचारतात, ‘पाच वर्षांच्या मापाचं धोतर आहे का हो?’ नवरात्रात कॉलेजच्या मुली चनियाचोळी न्यायला येतात, त्याही बिनधास्त. दुकानाच्याच आरशात फोटो काढतात. तीच मुलगी दोन वर्षांनी लग्नाचा घागरा बघायला आईबरोबर येते आणि आई दारातच आवाज खाली आणते.

आता हिशेब. मागच्या वर्षी एक शेरवानी मी 11,500 रुपयांना उचलली. तिचं तीन दिवसांचं भाडं 2,200. लग्नसराईत ती आठ-नऊ वेळा बाहेर जाते. दर वेळी ड्रायक्लीन, कधी बटणं, कधी अस्तर. दुसऱ्या सराईत तिची फॅशन उतरते, भाडं 1,200 वर येतं. तिसऱ्या वर्षी ती एखाद्या शाळेच्या नाटकात राजपुत्राच्या अंगावर जाते. म्हणजे मी काही लुटत नाही, आणि दानधर्मही करत नाही. घरी विकत घेतलेल्या शेरवानीचं काय होतं तेही सांगतो, कारण दर महिन्याला दोन-चार माणसं ती मला विकायला आणतात. एकदाच घातलेली असते आणि काखेच्या शिवणीवर आलेली असते, कारण नवरदेव लग्नानंतर सुटला. मी बहुतेक वेळा नाही म्हणतो. विकतच्या तयार कपड्यात माया नसते.

माया हा शिंप्याचा शब्द. शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड म्हणजे माया. भाड्याच्या कपड्यात ती दीड-दोन इंच तरी लागते, कारण आज तो बारीक चणीच्या मुलाला बसवायचा असतो आणि परवा पोट सुटलेल्याला. आमचा कारागीर कच्चा धावदोरा घालून माप आत घेतो, कपडा परत आला की उसवतो. काही जण घरी नेऊन स्वतःच मशीन मारतात आणि आतलं कापड कातरून टाकतात. माया कापली की तो कपडा माझ्यासाठी संपला.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी करायला बसलो तर आपलं पान पुरणार नाही. हळदीचं तेवढं सांगतो, कारण ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. कपड्याला हळद लागली की घाबरून साबणाने चोळू नका. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते. मग ‘रक्त लागलंय का’ असं आम्हालाच विचारायची वेळ येते. हळदीचा पिवळा रंग उन्हाने फिका पडतो, साबणाला घाबरत नाही. हलक्या हाताने कोरडी झटका आणि जशी आहे तशी आणून द्या, बाकीचं आम्ही बघतो. आणि अत्तर जरीवर मारू नका. जरीची तार काळी पडते आणि नंतर तुम्ही म्हणता आधीपासूनच काळी होती.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाचीचा साखरपुडा झाला. मामाचं दुकान घागऱ्यांनी भरलेलं, पण बहीण म्हणाली, ‘दादा, तुझ्याकडचं घातलं तर पिंपळगावपर्यंत ओळखू येईल.’ मला वाईट वाटलं, पण बोललो नाही. त्यांनी मोबाइलवरून एका बाहेरगावच्या कंपनीकडून घागरा मागवला. भाडं 4,500, अनामत 8,000. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी खोकं आलं. मी तिथेच होतो. सवयीने घागरा उलटा करून पाहिला, तर घेराशी वीतभर जाळी फाटलेली आणि वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने घाईत शिवलेली. मी म्हटलं, आत्ता फोटो काढा, आत्ता कंपनीला पाठवा. बहिणीने हातातून घागरा ओढून घेतला. बाहेरच्या खोलीत व्याही बसलेले. फोटो काढले नाहीत. घागरा परत गेल्यावर आठ दिवसांनी 2,000 जमा झाले आणि निरोप आला की जाळी फाटल्यामुळे 6,000 कापले.

मी तक्रारीचा मसुदा लिहून दिला. बहिणीने तो वाचला, घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. म्हणाली, ‘तक्रार केली तर कागदोपत्री येईल. व्याह्यांना कळलं घागरा भाड्याचा होता तर?’ तो कागद अजून तिथेच आहे. (व्याह्यांकडच्या कपड्यांबद्दलही मला थोडंफार माहीत आहे, पण गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही हा वडिलांपासूनचा नियम, म्हणून गप्प बसतो.)

त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. खरं म्हणजे ती मला धंदेवाला म्हणून वीस वर्षांपूर्वीच कळायला हवी होती. लाजणारं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. पावती मागत नाही. कपडा दुकानात उलगडून बघत नाही, कारण तेवढ्यात कोणी ओळखीचं आलं तर? खोट निघाली तरी भांडायला येत नाही. दुकानदाराला याहून सोयीचं गिऱ्हाईक देवाने घडवलेलं नाही. आमच्या धंद्यातल्या काही जणांना हे पक्कं उमगलेलं आहे. त्यांची पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहिलेला आकडा, आणि ‘अनामत परत मिळणार नाही’ अशी पाटी काउंटरच्या मागे, जिथे फक्त मालकालाच दिसते. मीही यात धुतल्या तांदळासारखा नाही. सराईच्या गर्दीत, समोरचा घाईत आहे हे पाहून, आधीचा डाग त्याच्या नावावर खपवल्याचं मला दोनदा तरी आठवतं.

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा गिऱ्हाइकाच्या जास्त बाजूने आहे. मुलाच्या मुंजीसाठी पगडी न्यायला आलेल्या एका वकील साहेबांनी मला तो समजावला, मग मी पुस्तक काढून वाचला. 1872 चा भारतीय करार कायदा. अशी वस्तू भाड्याने देण्याला त्यात ‘निक्षेप’ असा भारी शब्द आहे. कलम 151 म्हणतं की, घेणाऱ्याने त्या वस्तूची तेवढीच काळजी घ्यायची, जेवढी एखादा साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. तेवढी घेतली आणि तरीही वस्तू बिघडली, तर वेगळं काही ठरलं नसेल तेव्हा दोष घेणाऱ्याचा नाही, असं पुढचं कलम सांगतं. आणि कलम 150 तर आमच्यावरच आहे. भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या खोटीमुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदार देणारा, आणि ‘मला खोट माहीत नव्हती’ ही सबब चालत नाही. कमरपट्ट्याची कडी तुटून नवरीला लागली तर दवाखान्याचा खर्च माझ्या गळ्यात. हे वाचल्यापासून मी कड्या स्वतः ओढून बघतो.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ म्हणून काय काय मोडतं त्याची यादी आहे. तिच्यात पहिलंच आहे भरमसाट अनामत. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, तोही आहे. गोची अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. दोन-पाच हजारांच्या अनामतीसाठी तिथवर कोण जाणार? पण सेवेत कसूर म्हणून जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि त्याच्याही आधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करता येतो. एवढं सगळं आहे. फक्त त्यासाठी हातात कागद लागतो आणि कागदावर स्वतःचं नाव लागतं.

म्हणून गेल्या वर्षापासून मी वहीचं पान आखलंय. दोन रकाने, ‘जाताना’ आणि ‘येताना’. जाताना कपडा टेबलावर पूर्ण उलगडायचा, आतून-बाहेरून, गिऱ्हाइकासमोर. डाग, उसवण, तुटलेला मणी, सगळं लिहायचं. गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर फोटो काढायचा. अनामत किती, कशाबद्दल किती कापणार, तेही लिहायचं. खाली दोघांच्या सह्या. याला सात-आठ मिनिटं लागतात. भांडणं बरीच कमी झाली, पण गिऱ्हाइकंही काही तुटली, हे लपवत नाही. एका गृहस्थांनी वहीत नाव लिहायला नको म्हणून शेरवानी टेबलावर तशीच सोडली. दुसऱ्यांनी सही केली, पण नाव मेव्हण्याचं.

दोन-तीन शंका हमखास विचारल्या जातात. पहिली, पैठणी भाड्याने का नाही? येवला आपल्याच जिल्ह्यात, मागणीही खूप. पण हातमागावरची खरी रेशमी पैठणी दर आठ दिवसांनी नेसायला आणि धुवायला दिली तर तिचं वर्षभरात पोतेरं होईल. भाड्याच्या बाजारात जी पैठणी म्हणून मिळते ती यंत्रमागावरची असते, आणि तसं सांगून दिली तर माझी हरकत नाही. खरी हवी असेल तर एकच घ्या, विणकराकडून घ्या, आणि आईची मुलीला, मुलीची नातीला जाऊ द्या. वर्षाला एकदा नेसून तीन पिढ्या चालते. सगळंच भाड्याने घ्या असं मी म्हणत नाही. जे तीस वेळा वापराल ते विकत घ्या. नेहमीचा शर्ट भाड्याने न्यायला कोणी आलं तर मीच त्याला मेनरोडचा रस्ता दाखवीन.

दुसरी शंका माझ्या मुलाची, तो इंजिनिअरिंगला आहे. हल्ली काही गिऱ्हाइकं ‘पर्यावरणासाठी भाड्याने घेतो’ म्हणतात, आणि मी ऐकून खूश होत होतो. त्याने माझा फुगा फोडला. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये एका जीन्सचा हिशेब मांडला. जास्त वर्षं वापरणं, जुनी विकणं, कापडाचा पुनर्वापर, भाड्याने घेणं, वापरून फेकून देणं, या सगळ्यांत हवामानाच्या दृष्टीने भाड्याचा पर्याय सगळ्यात वाईट ठरला, कारण दर वेळी ती नेण्या-आणण्यात गाडी फिरते. मी म्हटलं, माझं गिऱ्हाईक दहीपुलावरून चालत येतं. तो म्हणाला, मग ठीक आहे, पण भाचीचा घागरा खोक्यात बसून कितीशे किलोमीटर फिरला? आणि ड्रायक्लीनच्या रसायनाचं काय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वासाने माझ्या कारागिराचं डोकं दुखतं, एवढं मला माहीत आहे.

तिसरी शंका तारखेची, आणि ती खरी आहे. मुहूर्त एक, घरं पन्नास, शेरवान्या माझ्याकडे चाळीस. दाट मुहूर्ताच्या दिवशी भाड्याचा धंदा पुरा पडत नाही. मग गिऱ्हाईक चिडतं, मीही चिडतो. त्यावर उपाय इतकाच की पत्रिका छापायला टाकाल त्याच दिवशी कपडा ठरवून जा. दिवसाढवळ्या या. कपडा उलगडून घ्या, उलटा करून बघा, काखेत आणि गळपट्टीशी नाक लावून बघा, काही हरकत नाही. वहीत खरं नाव लिहा. पिशवी कोणतीही आणा.

आपला,
जुन्या नाशकातला एक ड्रेपरीवाला

ता. क. – मागच्या वैशाखात मखमलाबादच्या एका लग्नाला माझ्याकडून 51 फेटे गेले होते, परत आले 46. फोटोत बघितलं तर पाचही वऱ्हाडी दिसतात, पण कोण ते यजमानांनाही सांगता येत नाही. कोणाच्या कपाटात असतील तर आणून टाकावेत, काही विचारणार नाही. रात्री साडेआठनंतर आणले तरी चालेल, साध्या पिशवीत.